कानामागं साफ आहे

आमची आत्या मांजर तपासायची. लोक मांजर कुरवाळतात, मांडीवर घेतात. आत्या तपासायची. कापसाच्या जिनातून काम करून आली, हातपाय धुतले, चहा पिऊन झाला, की ती दाराशी पाय पसरून बसे आणि नुसतं "ये वो" म्हणे. मांजर कुठंही असली तरी येई. तिला नाव नव्हतं. आमच्याकडे नावं बैलांना असत, मांजरीला कोण ठेवतं?

आम्ही पांढरकवड्याला राहत होतो, कापसाच्या जिनाच्या मागं मजुरांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या ओळीत. बाबा जिनात रेचे दुरुस्त करत, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं. आत्या तिथंच इतर बायांबरोबर कापसातला कचरा वेचायची. ती बाबांची मोठी बहीण. आजी लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलं होतं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली आणि राहिली. माझी माय तिला "बाई" म्हणायची, बाबाही "बाई"च म्हणायचे. घरात तिचा शब्द मोडत नसत.

मांजर तपासायची सवय तिला लागली ती एका साथीमुळे. नवे पैसे सुरू झाले त्याच्या पुढचा हिवाळा असावा. मी आठ-नऊ वर्षांची होते. जिनात सरकीचे ढीग असत, ढिगांत उंदीर आणि उंदरांसाठी मांजरी. त्या हिवाळ्यात मांजरींना खरूज लागली. आधी कानाच्या कडेला राखेसारखा थर यायचा. मग तो कपाळावर उतरायचा, कातडं जाड होऊन सुरकुतायचं आणि तरण्या मांजरीचं तोंड म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागायचं. डोळे उघडत नसत. भिंतीला डोकं घासून घासून रक्त काढत. जिनाचा चौकीदार त्यांना एकेक करून पोत्यात भरायचा आणि नदीपलीकडं सोडून यायचा. सोडतो म्हणायचा.

आमच्या मांजरीच्या डाव्या कानाच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा थर आत्याला दिसला, तशी ती तिला पोत्यात गुंडाळून ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी मागं मागं. दवाखान्यात बैल बांधलेले, शेतकरी बसलेले. पोत्यातून मांजरीचं डोकं बाहेर आलं तसे सगळे हसले.

"बाई, हे दूध देते का?" एकानं विचारलं.

आत्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. डॉक्टर देशावरचे होते, तरुण. त्यांची भाषा आमच्या शाळेच्या पुस्तकासारखी. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी मांजरीचा कान उजेडात धरला, गंधकाचं मलम कागदावर काढून दिलं, कसं नि किती लावायचं ते सांगितलं. मग म्हणाले, "मलम कुणीही लावील, बाई. पाहणं महत्त्वाचं. रोज एकाच वेळी पाहा आणि एकाच क्रमानं. केसांच्या खाली डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांची टोकं केसांच्या उलट फिरवा. काल काय होतं ते लक्षात ठेवा, म्हणजे आज काय बदललं ते कळेल."

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणीतरी शिकलेल्या माणसानं आपल्याला काम समजावून दिलं, ही गोष्ट तिनं फार मनावर घेतली. त्या हिवाळ्यात जिनात अकरा-बारा मांजरी होत्या, त्यांतली आमचीच वाचली.

खरूज गेली तरी तपासणी चालूच राहिली. आधी कान, आतून आणि बाहेरून. मग कानामागची जागा, जिथं केस विरळ असतात. हनुवटी, मान, खांदे. पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडं, केसांच्या उलट. मग उलटी करून पोट. मांजर राखाडी पट्ट्यांची होती, पण पोट पांढरं होतं, तिथं सगळं उघड दिसायचं. शेवटी पंजे, एकेक बोट दाबून. आत्या डोळे अर्धवट मिटून घ्यायची आणि बोटांना जे लागेल ते मला सांगायची.

"हे पाह्य. हे चावल्याची खपली हाये. कडेनं सुटून राह्यली, म्हंजे बरी होते. ओढू नोको."

"आन हे?"

"गोचीड. तेल लाव, मंग काढू."

शेपटीच्या बुडाशी काळे बारीक कण सापडले, तर ती जिनातल्या रुईचा बोळा ओला करून त्यावर ठेवायची. कण विरघळून तांबडे झाले की म्हणायची, "रगत. पिसवाची घाण हाये थे. नुसती माती असती तं काळीच राह्यली असती." मला हे जादूसारखं वाटायचं. मी शाळेत सांगितलं तेव्हा पोरींनी तोंडं वाकडी केली.

दोन वर्षं असंच चाललं. महाराष्ट्र झाला ते वर्ष आलं, शाळेत पेढे वाटले. त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर, जिन नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट.

आत्या नेहमीसारखी बसली होती. मांजरीच्या मानेवर, उजव्या खांद्याच्या वर, बोक्याच्या दाताची एक खपली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. मी समोर बसले होते आणि केस फाकले गेले तेव्हा मला ती स्वच्छ दिसली. आत्याचं बोट तिच्यावरून गेलं. परत आलं. पुन्हा गेलं.

"साफ हाये," ती म्हणाली.

मला वाटलं, ती माझी परीक्षा घेते आहे. अशी ती कधी कधी घ्यायची. मी म्हटलं, "नाई. खपली हाये."

"कुठी?"

"तुह्या बोटाखालीच हाये."

तिनं डोळे उघडले. खपलीकडं बघितलं, मग आपल्या बोटाकडं. उजव्या हाताची चारही बोटं तिनं एकेक करून खपलीवर ठेवली. मग डावा हात आणला आणि डाव्या बोटानं ती खपली चाचपली. मांजर कंटाळून उठून गेली तरी ती तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशीपासून ती डाव्या हातानं तपासायला लागली.

मी ते बघितलं आणि विचारलंही. "उजव्या हातानं काहून नाई पाह्यत?"

"हात दुखते. कापूस वेचून वेचून."

मला ते पटलं. पण तपासायचं तिनंच शिकवलं होतं, काल काय होतं ते लक्षात ठेवायचं, त्यामुळे मी नकळत तिलाच बघू लागले. तिची करंगळी आत वळायला लागली होती. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. कोपराच्या वर, चोळीच्या बाहीखाली, एक फिक्कट डाग होता, रुपयापेक्षा मोठा. त्यावर घाम येत नसे. भर उन्हात बाकीचा दंड चमकायचा आणि तेवढी जागा कोरडी, धूळ बसल्यासारखी दिसायची. मांजरीच्या अंगावर असा डाग असता तर आत्यानं त्याच दिवशी तिला पोत्यात घातलं असतं.

एकदा मांजर मांडीवरून उडी मारताना तिच्या उजव्या तळहातावर नख ओढून गेली. चांगली लांब रेघ उमटली आणि रक्त लुगड्यावर पडायला लागलं. आत्या माझ्याशी बोलतच होती, जिनातल्या कुठल्यातरी बाईबद्दल. मी म्हटलं, "आत्या, रगत!" तेव्हा तिनं खाली बघितलं. पटकन हात पदरात गुंडाळला आणि म्हणाली, "तुह्या मायले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. तेव्हा नाही.

संक्रांतीनंतर महारोग तपासणीवाले आले. दोघंजण होते, पांढरे सदरे, सायकली. जिनाच्या आवारात टेबल टाकून बसले आणि मजुरांना ओळीनं बोलावून पाठ, हात, पाय बघू लागले. बायांसाठी पडदा लावला होता. आत्या ओळीत नव्हती. माझी शाळा सुटली होती आणि मी बघत उभी होते. त्यांच्यातला एकजण आम्हा पोरांना समजावत होता की डाग आला तर लपवू नका, औषध आहे, लवकर कळलं तर हातपाय वाचतात. त्याच्या बोलण्यात ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसारखंच काहीतरी होतं. पाहणं महत्त्वाचं, असं.

मी त्याला म्हटलं, "आमच्या आत्याच्या हाताले समजत नाई."

"कुठं आहे आत्या?"

आत्या सरकीच्या गोदामात होती. ढिगाच्या मागं बसली होती, मांजर शेजारी. मला त्या माणसाबरोबर बघितल्यावर ती उभी राहिली. पळाली नाही, ओरडली नाही. त्यानं तिला उजेडात बसवलं. खाली पडलेल्या रुईतून एक तंतू उचलला, बोटात पिळून त्याची वात केली आणि म्हणाला, "डोळे मिटा. मी जिथं लावीन तिथं बोट ठेवा."

त्यानं वात तिच्या गालाला लावली, तिनं गालावर बोट ठेवलं. डाव्या हाताला लावली, तिथंही ठेवलं. मग उजव्या दंडावरच्या डागाला लावली. ती डोळे मिटून वाट बघत बसली. बोटांच्या टोकांना लावली, एकेक करून. ती वाट बघतच होती.

"लावून राह्यले का?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "झालं. उघडा डोळे." मग त्यानं तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला दाबून बघितलं, तिथली शीर सुतळीसारखी जाड झाली होती. त्यानं ती मला दाखवली नसती, पण मी जवळच उभी होते.

तो चांगला माणूस होता. त्यानं बाबांना बोलावून सांगितलं की घरी राहून गोळ्या घेता येतील, दर आठवड्याला तो स्वतः आणून देईल, घाबरण्यासारखं काही नाही. बाबा सगळं ऐकून हो म्हणाले. पण गोदामाच्या दारात तोवर चार माणसं जमली होती. दुसऱ्या दिवशी आत्याला जिनात कामावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं आमच्या दारावरून जायचं सोडून मागून वळसा घालायला सुरुवात केली. हौदावर मायचा घडा बाजूला ठेवायला सांगितलं. आठवडा संपायच्या आत जिनाच्या दिवाणजींनी बाबांना बोलावून सांगितलं की एक तर ती राहील किंवा तुमची खोली.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं अनेकदा वाटलं. बाबा भिंतीला टेकून बसले आणि आत्यानंच विषय काढला.

"भाऊ, मले ने तिकडं कुठी असंन तं. म्हनते ना थे लोक, वसाहत हाये म्हनून."

बाबा म्हणाले, "बाई, गोळ्यायनं बरं होते म्हने."

"होईन तवा येईन."

माय चुलीपुढं पाठ करून बसली होती. ती रडत होती, पण "राहा" म्हणाली नाही. मी तिला आता दोष देत नाही. तिला दोन मुली होत्या, मी आणि पाळण्यातली धाकटी. तिच्या डोळ्यांपुढं आमची लग्नं होती.

जायच्या दिवशी बाबांनी मोटार केली नाही. ओळखीच्याची बैलगाडी आणली, स्वतःच हाकत नेली. आत्यानं पत्र्याची पेटी गाडीत ठेवली. मग ती दाराशी बसली आणि "ये वो" म्हणाली. भर सकाळी, तपासायची वेळ नसताना. डाव्या हातानं तिनं मांजर पूर्ण तपासली, कानापासून पंजापर्यंत. गाडी थांबून राहिली. आजूबाजूच्या दारांतून लोक बघत होते.

"आता तू पाह्यजो," ती मला म्हणाली. "रोज. आन कार्ड टाकजो मले. कुठी काय हाये, काय नाई, सगळं लिवजो."

मी मान हलवली. तिला मी पकडून दिलं, एवढं एकच माझ्या मनात होतं. तिनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

ती गेल्यावर मायनं खोलीला चुना लावला. आत्याची गोधडी, चटई अंगणात जाळली, कप फोडून टाकला. कडुनिंबाचा धूर केला. मग तिचं लक्ष मांजरीकडं गेलं.

"थे तिच्या मांडीवर बसे रोज. घरात नोको आता."

मी रडले, पाय आपटले. शेवटी माय म्हणाली, "ठेवायची असंन तं फिनेलनं धुऊन काढ. संडासात टाकते ना, थे. नाई तं चौकीदाराले देतो."

चौकीदाराचं पोतं मला माहीत होतं. मी जिनाच्या संडासाजवळच्या डब्यातून फिनेल आणलं. पाण्यात किती टाकायचं ते माहीत नव्हतं. जास्त टाकलं तर जास्त साफ होईल असा माझा हिशेब होता. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मांजर ओरडली, तिनं मला बोचकारलं, तरी मी तिला घट्ट धरून आत्याच्या क्रमानं धुतली. कान, कानामागं, मान, पाठ, पोट, पंजे. काही सोडलं नाही. माय दारातून बघत होती आणि तिचं समाधान झालं.

मांजर उन्हात बसून स्वतःला चाटायला लागली. मांजरी चाटतातच. दुपारपर्यंत तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. मग मागचे पाय थरथरू लागले. चालायला गेली की एका बाजूला कलंडायची. मी तिला पुन्हा साध्या पाण्यानं धुतलं, दूध पाजायला बघितलं, ते तिनं घेतलं नाही. पोटावरचं पांढरं कातडं लाल झालं होतं आणि काखेत सोलपटून निघालं होतं. मी दर तासाला बघत होते. प्रत्येक वेळी बदल दिसत होता आणि त्याचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. धावत ढोरांच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टर खेड्यावर गेले होते. कंपाउंडर म्हणाला, उद्या आण.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. माय म्हणाली, "जाऊ दे, तिलेबी रोगच असंन." तिला खरंच तसं वाटलं की माझ्यासाठी म्हणाली, कोण जाणे. बाबा तिसऱ्या दिवशी परत आले. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "बाईले कोन सांगंन?"

कुणीच सांगितलं नाही. मी पहिलं कार्ड लिहिलं:

'ती. आत्यास सा. न. मी रोज मांजर पाहते. कानामागं साफ आहे. मानेवर साफ आहे. पोट साफ आहे. तुझी तब्येत कशी आहे.'

मला वाटलं, दोन-तीन कार्डांनंतर हळूच काहीतरी लिहू. पळून गेली, म्हातारी झाली, असं काही. पण तिकडून दुसऱ्या कुणाच्या अक्षरात उत्तर आलं, 'मांजरीचं वाचून जीव गार झाला, अजून लिही.' मग मी लिहीतच गेले. महिन्याला एक कार्ड. डोळ्यांसमोर पूर्ण मांजर आणायची, क्रमानं हात फिरवायची आणि लिहायची, साफ आहे. असं दोन वर्षं. घरात सगळ्यांना माहीत होतं. कार्ड टपालात टाकायला बाबाच न्यायचे.

दोन वर्षांनी बाबा मला तिच्याकडं घेऊन गेले. मायला पसंत नव्हतं, पण आत्यानं निरोप पाठवला होता की पोरीला एकदा आण. वसाहतीत लांब लांब कौलारू घरं होती, भाजीचे वाफे होते, माग चालल्याचा आवाज येत होता. आत्या झाडाखाली बसली होती. मला वाटलं होतं की तिचं तोंड जिनातल्या त्या मांजरींसारखं झालं असेल. तसं काही नव्हतं. ती जरा जाड झाली होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण वळली होती, बाकीची बरी होती. तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी बाबांना सांगितलं की वेळेत आल्या, आणखी वर्ष गेलं असतं तर पंजाच कामातून गेला असता. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

बाबा बिडी प्यायला फाटकाकडं गेले. आम्ही दोघीच राहिलो, मधे दोन हात जागा.

आत्या म्हणाली, "मांजर कवा मेली?"

मी खाली पडलेली एक काडी उचलली.

"सांग ना. मी रागावतो का?"

"तू गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी," मी म्हटलं. मग विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या कार्डायनं. पयलं आलं, साफ. दुसरं आलं, साफ. मले बरं वाटलं. मंग पावसाळा आला तरी साफ. पावसाळ्यात कोन्या मांजराच्या अंगावर पिसू नसते वो? बोक्यायच्या दिवसात मानेवर एक दात नाई? असं कातडं जित्या जनावराचं नसते."

"मंग अजून लिव म्हनून काहून सांगतलं?"

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग विचारलं, "कायनं मेली?"

"फिनेलनं धुतलं. मी."

ती म्हणाली, "चाटलं असंन तिनं. लई तडफडली का?"

"नाई," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. लहानपणापासून मी तिला मांजरीकडं तसं बघताना पाहिलं होतं, डोळे अर्धवट मिटून. मला वाटलं ती हात पुढं करील. तिनं हात मांडीवरच ठेवला, वळलेल्या बोटांवर चांगल्या बोटांचा. "बरं," म्हणाली. "आता तिचं लिवू नोको. तुयं लिव. शाळेचं लिव."

मी तीन-चार कार्डं शाळेची लिहिली. मग मॅट्रिकचं वर्ष आलं, आणि माझ्याकडून लिहिणं सुटलं. तिच्याकडून येणारी कार्डंही मग थांबली.

त्या भेटीनंतर चार-पाच वर्षांनी वसाहतीतून बाबांना एक छापील कागद आला. आत्याच्या अंगात आता रोग नाही, तिच्यापासून कुणाला धोका नाही, ती घरी जाऊ शकते, असं त्यावर लिहिलं होतं. बाबांनी तो दोनदा वाचला आणि मायकडं दिला. मायला वाचता येत नव्हतं. तिनं तो हातात धरून विचारलं, "आता?" त्या महिन्यात पुसदहून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. बोलणी अर्ध्यावर होती.

बाबा म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे. मंग आनतो."

मी घरातच होते. मी अठरा वर्षांची होते, मॅट्रिक पास होते, मला तोंड होतं. मी तांदूळ निवडत बसले.

पुसदची मंडळी बघायला आली तेव्हा मुलाच्या मावशीनं रीतीप्रमाणं सगळं विचारलं. मामा किती, काका किती, कुठं दिलेल्या आत्या आहेत का. माय चहा घेऊन आत गेली होती. बाबा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. प्रश्न माझ्याकडं आला होता असं नाही, पण बाबांना बोलवेना, म्हणून मीच म्हटलं, "बाबांले बहीन नाई."

लग्न झालं. मी पुसदला आले. बाबा आत्याला आणायला गेले नाहीत. पुढं धाकटीचं लग्न व्हायचं होतं. आत्या तिथंच राहिली, मागावर सुताच्या कांड्या भरायचं काम करायची असं कुणाकडून तरी कळलं. ती गेल्याचं बाबांनी मला पत्रानं कळवलं नाही. सहा महिन्यांनी माहेरी गेले तेव्हा सांगितलं. अंगणात उभ्या उभ्या, मी पोराला कडेवर घेतलं होतं आणि सासरची माणसं आत बसली होती. हळू आवाजात म्हणाले, "बाई गेली. थंडीत." मी पोराचं टोपडं सारखं केलं, आणि आत गेले.